सहाची पोस्ट

"रक्तबिक्त काही दिसायला नको," परेशशेठ म्हणाले. "फोटो, हार आणि दोन ओळी. आमच्या कुटुंबातला माणूस गेला, असं लिही."

"कसा गेला?" वसुंधराने विचारलं.

"क्रेनची साखळी तुटली. चार टनांची पत्र्याची कॉइल अंगावर. काय उरणार माणसाचं? अपघात हा शब्द पहिल्याच ओळीत पाहिजे."

परेशशेठांचं यार्ड कळंबोलीच्या लोखंड बाजारात. वसुंधरा पनवेलला, एसटी स्टँडसमोरच्या त्यांच्या ऑफिसात बसून यार्डाचं फेसबुक पेज सांभाळायची. खंडेनवमीची पूजा, नवी क्रेन, रक्तदान शिबिर.

महिन्यापूर्वी याच माणसाचा एक व्हिडिओ पसरला. मंगळ्या वाघमारे नावाचा हमाल गुडघ्यांवर बसला होता आणि परेशशेठ त्याला सळईने मारत होते. चौथ्या फटक्याला नाक फुटलं. तो तोंडावर पडला, तरी सळई थांबली नाही. त्याने हेल्मेट मागितलं होतं, एवढंच.

दोन दिवसांत साठ हजार लोकांनी ते पाहिलं. वसुंधराने शिव्या पुसल्या, माफीनामा लिहिला, मंगळ्याला मोसंब्यांची करंडी देतानाचा फोटो टाकला. मोसंबी घेऊनही त्याने तक्रार मागे घेतली नाही.

"उद्या कोर्टात त्याचा जबाब होता ना?" ती म्हणाली.

"पोस्ट लिहायचा पगार घेतेस तू. पोलिसगिरीचा नाही."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाली, "घरी कळलंय?"

"माणसं गेलीयत. हे बघ, गेल्या वेळी दोन दिवस आपण गप्प बसलो आणि लोकांनी आपली सालटी काढली. या वेळी पहिली बातमी आपली. संध्याकाळी सहाला पडू दे, वेळ लावून ठेव. तोवर कोणाशी एक शब्द नाही."

"फोटो?"

"गेटपासवरचा आहे की."

तिने पोस्ट लिहिली, सहाची वेळ लावली. गेटपासवरच्या फोटोत एक कपाळ होतं आणि खाली काळा डाग. तो कोणाचाही चेहरा असू शकला असता.

गेल्या वर्षी तिचे वडील असेच एका गोदामात थप्पीखाली गेले. त्या कंपनीने पेजवर श्रद्धांजली वाहिली. नाव त्यांचंच, दयाराम; फोटो दुसऱ्याच कोणाचा. खाली दोनशे जणांनी हात जोडले होते. आई तो फोटो बोटाने मोठा करून पाहत राहिली. "हे कोण गं?" एवढंच म्हणाली.

वसुंधराने पर्स उचलली. डोकं दुखतंय असं सांगून ती बाहेर पडली आणि मंगळ्याच्या गावाची, आपट्याची एसटी धरली. निदान चेहरा तरी खरा असावा. पोस्ट खरी नव्हती, हे तिला कळत होतंच. ती कॉइल आपोआप पडलेली नसणार, हेही. पण तेवढ्यापुरतं तिच्या हातात काय होतं? एक फोटो.

गावाबाहेरच्या वाडीत दुपार पसरली होती. रडण्याचा आवाज नव्हता. सगळे हॉस्पिटलात गेले असतील, असं तिला वाटलं. पण मंगळ्याच्या झोपडीपुढे एक बाई विळीवर मासे कापत बसली होती.

"तुम्ही मंगळ्याच्या घरच्या?"

"व्हय. शुक्री."

पुढचा मासा तिने विळीवर धरला. मुंडकं तुटून राखेत पडलं. हिला कोणी सांगितलंच नव्हतं. हे सांगायचं काम आता आपल्यावरच आलं.

"मी यार्डातून आलेय, ताई. तुमच्या मालकांचा एक चांगला फोटो हवा होता."

"फोटू?" शुक्री खळखळून हसली. "त्या थोबाडाचा? आता तर नाक पन नाय धड. थांब, त्यालाच इचार." तिने आत तोंड केलं. "अरं, ऊठ! यार्डातली बाई आलीय."

शर्टाची बटणं लावत मंगळ्या बाहेर आला. नाकावर टाक्यांची वाकडी रेघ होती.

"फोटू काढायचा तर झटक्यानी काढा ताई," तो म्हणाला. "मला निगायचं हाय. परेशशेठनी सोता फोन केलता. पाचला यार्डात ये म्हनले, एकटाच."