डेसाला पास

कॉलेजच्या संघासाठी खेळाडू हेरणारा ग्रांट चार तास बर्फातून गाडी हाकत इंडियानातल्या त्या शाळेत आला, तो फक्त मार्लोचा खेळ बघायला. आणि मार्लो बास्केटखाली मोकळी असूनही दर वेळी चेंडू तिच्याच संघातल्या डेसाकडे फेकत होती. सामना संपताच वैतागलेल्या ग्रांटने तिला गाठलं.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आमच्या कोचला काय सांगू मी आता?"

"सर, मला तुम्ही पाचदा बघितलंय. डेसाला बघायला आजवर कुणीच आलं नाही, म्हणून तिला खेळू दिलं. एकवीस गुण केले तिने! कशी वाटली तुम्हाला?"

ग्रांटने डेसाचा खेळ आठवायचा प्रयत्न केला. चेंडू डेसाकडे गेला, तरी सामनाभर त्याची नजर मार्लोवरच होती.