साखळी
वडील गेल्यावर त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन हिवाळाभर मी बांधलं, आणि अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जत्रेत, वजन ओढायच्या शर्यतीत, भोंग्यावरून पुकारा झाला तो भावाचा: "डेलमरनं स्वतः उभा केलेला ट्रॅक्टर." वडिलांची टोपी घालून तो सीटवर बसला होता. मागच्या वजनगाडीची साखळी ट्रॅक्टरला अडकवत मी म्हणाले, "क्लच हळू सोड. हिसका बसला तर बाद करतात." "ताई, तू बटाट्याची कोशिंबीर सांभाळ," तो म्हणाला. कुंपणापाशी त्याचे मित्र हसले. त्यानं क्लच एकदम सोडला, साखळी खाडकन ताणली गेली, बाद झाल्याचं लाल निशाण वर गेलं. "क्लचचं काय करून ठेवलंयस?" तो सगळ्यांदेखत खेकसला. मी आवाज चढवला नाही. "उतर. पुढच्या वजनगटात याच ट्रॅक्टरसाठी माझं नाव नोंदलंय." त्याच्या डोक्यावरची टोपी काढून मी घातली. "साखळी आता तू अडकव."