कोरं मशीन

शुक्रवारी दुपारी सगळ्यांच्या देखत हेमाताईंनी आपलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, पार पुसून कोरं करून टाकलं. कंपनीच्या सॉफ्टवेअरचं लिनक्स पॅकेज इतकी वर्षं ज्या एकाच मशीनवर तयार व्हायचं, नेमकं तेच!

"अहो, काय केलंत हे!" रणजितचा चहा सांडला. तो मॅनेजर. सकाळीच त्याने त्यांची रजा नाकारली होती. पॅकेज तुमच्या मशीनशिवाय बनत नाही, सोमवारी ते गिऱ्हाइकाकडे जायचंय, ऑपरेशन पुढे ढकला म्हणे. ऑपरेशन सोमवारीच होतं. किडनी भावाला हवी होती आणि देणार होत्या हेमाताई.

"तुम्हीच म्हणालात ना, माझ्या मशीनवाचून अडतं? आता मशीनच नाही. बघू या, अडतंय का."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या तेजसच्या अंगावर काटा आला. हिंजवडीत नोकरी टिकवायची तर आपल्यावाचून अडेल अशी एक तरी किल्ली कमरेला हवी, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता. आणि ही बाई भर ऑफिसात आपली किल्ली फेकून देत होती. काय म्हणावं हिला!

हेमाताईंनी त्याच्यासमोर एक कोरं मशीन ठेवलं. त्यावर नुसतं लिनक्स, बाकी काही नाही. पॅकेज बनवायला कोणकोणती हत्यारं, म्हणजे मदतीचे प्रोग्रॅम, लागतात ते त्यांनी आधीच एका फाइलीत लिहून सगळ्यांसाठी ठेवलं होतं. मशीनने ती फाइल वाचायची, हत्यारं आपली आपण आणायची आणि पॅकेज बनवायचं.

"आपल्या स्वयंपाकघरात सगळं हाताशी असतं रे. दुसऱ्याच्या घरी भाजी करायला गेलं की कळतं, आपल्याकडे काय काय होतं ते. चालव. मी हात लावणार नाही."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून काय काढावं? मटार! "हात रिकामे राहिले की कीबोर्डकडे धावतात," म्हणाल्या आणि बसल्या सोलत.

स्क्रीनवर ओळी भराभर धावल्या आणि अचानक थांबल्या. बायसन नावाचं हत्यार सापडत नव्हतं.

"अगं बाई!" हेमाताईंनी कपाळावर हात मारला. "कधीचं बसवलेलं होतं माझ्याकडे. आहे हेच विसरले, फाइलीत लिहिलंच नाही मी."

"म्हणूनच म्हणत होतो," रणजित म्हणाला. "कंपनीची बस सुटेपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर रजेचं विसरा."

तेजसने घाईघाईने बायसन बसवलं आणि पुन्हा चालवलं. ओळी मघाची जागा ओलांडून पुढे गेल्या. "ताई, झालंच समजा!"

हेमाताईंचा हात थांबला. "बायसन फाइलीत लिहिलंस, की नुसतं या मशीनवर बसवलंस?"

"मशीनवर."

"म्हणजे माझं मशीन गेलं आणि तुझं आलं. उद्या हे बंद पडलं तर मला आयसीयूत फोन करणार?"

"पण ताई, आत्ता एकदा होऊ दे ना. तुमची रजा..."

"पूस."

त्याने वर पाहिलं. दाणे टाकून देऊन त्या सालंच पिशवीत भरत होत्या. रजा त्यांना किती हवी होती ते त्याला तेव्हा कळलं, आणि तरी ही बाई पूस म्हणत होती. त्याने मशीन पुसलं, बायसन फाइलीत लिहिलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. खाली कंपनीच्या बस लागल्या. कोणी जागचं हललं नाही.

पॅकेज तयार झालं.

"घ्या रजा," रणजित म्हणाला. मग जरा ओशाळून, "भीती नाही वाटत, ताई? एक किडनी देऊन टाकायची म्हणजे..."

"भीती कसली? माझ्याकडे दोन आहेत. ज्याचं सगळं एकावर चाललंय, त्याने घाबरावं." मटारची पिशवी त्यांनी तेजसच्या टेबलावरच ठेवली. "राहिलेले तुला," म्हणाल्या आणि बस गाठायला निघाल्या.

रणजितने तेजसच्या खांद्यावर हात ठेवला. "आता सगळी मदार तुझ्यावर, बाबा. संक्रांतीला गावी जायचं विसर."

खोटं कशाला बोला, क्षणभर तेजसची छाती फुगली. किल्ली आपण होऊन त्याच्या कमरेला येऊन लागली होती.

मग त्याने कोरं मशीन पुन्हा एकदा पुसलं.

"केयूर," त्याने पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. "इकडे ये. माझ्या खुर्चीत बस आणि पॅकेज बनव."

"मी? मला कुठे येतं?"

"फाइल आहे. मी हात लावणार नाही," तेजस म्हणाला आणि मटारची पिशवी त्याने मांडीवर ओढली.