फेरनिकाल

"यमे, पास झालीस की! पेढेसुद्धा मीच आणलेत, तू कसली देतेस!" बालमैत्रीण डॉक्टर नलिनीबाई दारातूनच ओरडल्या.

यमुताईंनी मोबाइलवरचा फेरनिकाल पुन्हा वाचला. गणित, एकोणचाळीस. मॅट्रिकला त्यांच्या केंद्रावर अवघड पेपर आला होता, नलूच्या केंद्रावर सोपा. संस्कृतात तालुक्यात पहिली आलेल्या यमूचं सक्तीचं गणित तीन गुणांनी गेलं आणि त्याच मार्गशीर्षात तिचं लग्न उरकलं. आता मंडळाच्या यंत्रानं पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे पेपर एका पातळीवर आणून गुण नव्यानं लावले होते.

"तुझे किती गं?"

"चौतीस. नापास! आणि जन्मभर लोकांना सुया टोचल्या." नलिनीबाई हसल्या, पण डोळे भरून आले. "डॉक्टर व्हायचं तर तुला होतं. मला तर बेडूक चिरायचीही भीती वाटायची."

यमुताईंनी तिला अर्धा पेढा भरवला. नलिनीबाईंनी पिशवीतून जुना स्टेथोस्कोप काढला, मैत्रिणीच्या कानांत अडकवला आणि दुसरं टोक स्वतःच्या छातीवर धरलं.

"हलू नकोस," यमुताई म्हणाल्या आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या.