माडीवरचं छत

"अजून एक थर घाल," लाडबाई खालून म्हणाल्या.

भुजंगानं शिडीवरच कपाळाला हात लावला. मस्तगडातल्या या घराच्या माडीवर उतरते पत्रे होते. वैशाखात त्यांच्यावर भाकरी भाजून निघाली असती. पत्र्यांच्या आतून त्यानं बांबूचे तट्टे बांधले, मधल्या पोकळीत गवताच्या पेंढ्या दाबून भरल्या आणि खालून शेणमातीचा गिलावा दिला. भर दुपारी खोली विहिरीच्या पायरीसारखी गार लागत होती. वडीगोद्रीत छपरं शाकारण्यात त्याचा जन्म गेला होता, तरी आपल्याच हातचा हा गारवा पाहून तो चकित झाला होता.

"थंडाव्याला बास झालं, शेठाणीबाई. उगं खर्चा कशाला?"

"थंडावा झाला रे. आवाजाचं काय? तू गल्लीत उभा राहा. मी थाळी वाजवते."

थाळी गल्लीत ऐकू आली. लाडबाईंनी आणखी गवत मागवलं, वर सरकी काढायच्या जिनातला टाकाऊ कापूसही.

मग भुजंगाच्या डोक्यात प्रकाश पडला. लाडबाईंची सून राजकुमारी, त्यांच्या बोलीत 'बिनणी', महिन्यापूर्वी विधवा झाली होती. वय अवघं अठरा. घरच्या रीतीप्रमाणे तिनं वर्षभर खाली न उतरता या खोलीत कोपरा धरायचा होता. सासरे नथमलशेठ रीतीचे पक्के. काम चालू असेतो ती पदर ओढून बाहेरच्या पडद्याआड बसे आणि चकार शब्द काढत नसे.

पोरीचं रडणं गल्लीला कळू नये म्हणून एवढा खटाटोप! भुजंग थक्क झाला. दगडाला पाझर फुटेल, पण या बाईला नाही. त्याची लेक दुर्गा एवढ्याच वयाची होती.

तिसऱ्या दिवशी थाळी गल्लीत बिलकुल ऐकू आली नाही.

"बराबर," लाडबाई म्हणाल्या. "आता माझा जीव भांड्यात पडला."

गिलाव्याचा शेवटचा हात देताना भुजंगानं वळचणीच्या पत्र्याखालच्या दोन पेंढ्या गुपचूप उपसल्या आणि तिथं नुसता तट्टा ठेवला. पोरगी रडली, तर निदान एखाद्याच्या कानावर तरी जाईल.

कोयता-दोरी घेऊन तो खाली आला आणि त्या वळचणीखाली कान देऊन उभा राहिला. गल्ली उन्हानं सामसूम होती. वर दाराची कडी लागली.

रडणं आलं नाही. लाडबाईंचा करडा आवाज आला.

"पुटपुटतीस काय, बिनणी? मोठ्यानं वाच. आता गल्लीत काही जात न्हाई. कोपरा धरलाय म्हणून वर्षभर तुला कुणी कामाला हाक मारणार न्हाई. आता मॅट्रिकच्या परीक्षेलाच खाली उतर."