सिनेटर काय म्हणाला

रोमहून आलेल्या लोरेंझोंनी संग्रहालयातल्या संगमरवरी सिनेटरच्या गालाला यंत्राची नळी टेकवली. घडवताना जवळ झालेलं बोलणं दगडात मुरून राहतं. पुतळा अस्सल रोमन असेल, तर लॅटिन ऐकू येणार. लोरेंझोंना दगडातलं कळे, लॅटिन नाही. म्हणून भाषांतराला संचालिका ऊर्मिला पोतनीस शेजारी उभ्या होत्या.

यंत्र खरखरलं आणि चक्क मराठी बोललं.

"नाक फोडू का गं? फुटकं असलं की जुनं वाटतं."

"फोडा, पण आधी जेवून घ्या. आमटी निवतेय."

"काय म्हणतोय?" लोरेंझोंनी हळूच विचारलं.

ऊर्मिलाबाईंनी भाषांतर केलं. "रोमचं पुढे कसं होणार, याची काळजी करतोय."

"आणि ती?"

"आधी जेवून घ्या, म्हणतेय."

लोरेंझोंनी डोळे पुसले आणि प्रमाणपत्रावर सही केली. "अस्सल आहे. माझी आजी अगदी हेच म्हणायची."