डावा दिवा

"दोघंही पुढे बसा," मिस्त्री म्हणाला. "प्रवासात असतं तेवढं वजन गाडीत हवं. नाहीतर दिवे नीट जुळत नाहीत."

म्हातारा स्टिअरिंगमागे बसला. लेक जरा घुटमळली, मग आईच्या सीटवर बसली. आई जाऊन आठ महिने झाले होते. त्या सीटवर तेव्हापासून कोणी बसलं नव्हतं.

गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. नवराबायको तीस वर्षं तिच्यातून हिंडले. गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा एकटा निघाला आणि भलत्याच गावात पोचला. खापर त्याने दिव्यांवर फोडलं. लेक म्हणाली, "नवे दिवे बसवू. पण पुन्हा चुकलात, तर गाडी विकायची." तो हो म्हणाला होता.

मिस्त्रीने नव्या दिव्यांचा कागद पुढे केला. "यातले कुठले घालू?"

"चष्मा घरी राहिला. तूच बघ गं."

"कमाल आहे बाबा. डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही घरीच राहिलं असतं."

मिस्त्री हसला. त्याने शटर खाली ओढलं. समोरच्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या होत्या. जुने दिवे आधी लावून पाहिले. उजव्याचा उजेड बरोबर रेघेवर पडला. डाव्याचा पार कडेला गेला, कोपऱ्यातल्या पाटीवर.

"येथे धूम्रपान करू नये," लेकीने सहज मोठ्याने वाचलं.

म्हाताऱ्याने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"डावा वाकडा झालाय," मिस्त्री बॉनेटखाली वाकून म्हणाला. मग थांबला. "झाला नाही, केलाय. स्क्रूवर खूण आहे. लाल नेलपॉलिशची."

"आईचं," लेक म्हणाली. "पण आईला तर गाडी येत नव्हती. तिला कडेला उजेड कशाला हवा होता?"

म्हातारा पाटीकडे बघत राहिला. बायकोची नजर तेज आहे, असंच त्याला वाटायचं. अंधारातही ती गप्पांच्या ओघात सांगून जायची, "डावीकडे घ्या हो, पुढे घाट आहे." त्याने कधी विचारलं नाही. तिनेही कधी बोलून दाखवलं नाही.

"सरळ करून टाकतो," मिस्त्री म्हणाला.

लेक वडिलांकडे वळली. घर आवरताना तिला एकच चष्मा सापडला होता. आईचा.

"बाबा, तुमचा चष्मा असतो कुठे?"

त्याने स्टिअरिंगवरची पकड सैल केली.

"माझे डोळे चांगले आहेत गं," तो म्हणाला. "अक्षरं तेवढी ओळखीची नाहीत."

लेकीने काच खाली केली.

"मिस्त्रीदादा, नवा दिवाही तेवढाच कडेला वळवा," ती म्हणाली. "पाट्या आता मला वाचायच्यात."